खेळाडूचा कोच होताना: ईसीएचएलमधल्या एका डिफेन्समनला मिळालेल्या प्रस्तावाबद्दल

ब्रॅम्प्टनहून लिहिणाऱ्या ताईंचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा २९ वर्षांचा, आइस हॉकीतला डिफेन्समन, म्हणजे बचाव करणारा खेळाडू. सात हंगाम ईसीएचएल या उत्तर अमेरिकेतल्या तिसऱ्या पातळीच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळला, मधूनमधून तिच्या वरच्या एएचएलचं बोलावणं आलं, पण तिथे कायमची जागा मिळाली नाही. दोनदा कन्कशन, म्हणजे मार लागून मेंदूला धक्का बसणं, झालंय. आता संघानं विचारलंय, एक वर्ष खेळता खेळता सहायक कोचचं काम करतोस का? मुलाचं म्हणणं, मार्टिन सेंट लुईस कुठल्याही व्यावसायिक संघाचा कोच न राहता थेट सर्वांत वरच्या लीगमधल्या, म्हणजे एनएचएलमधल्या, मॉन्ट्रियल कॅनेडियन्सचा मुख्य कोच झाला, मग आपण इतक्या खालून का सुरुवात करायची? आणि घरच्यांना वाटतं की पाचव्या वर्षापासून बर्फावर असलेल्या माणसाला शिकवणं वेगळं शिकावं लागू नये.

ताई, सुरुवात कुठून करायची हा प्रश्न नंतरचा. त्याआधी हे मान्य करावं लागेल की खेळणं आणि कोचिंग हे दोन वेगळे धंदे आहेत. खेळाडू एका शिफ्टपुरता, म्हणजे बर्फावरच्या एका खेपेपुरता, विचार करतो: ४० ते ४५ सेकंद, आपली जागा, आपला जोडीदार, समोरचा माणूस. शिफ्ट संपली की बाटलीतलं पाणी आणि पुढच्या वेळेची वाट. कोचला त्याच क्षणी बर्फावरचे पाच, बेंचवरचे बाकीचे आणि समोरच्या कोचच्या डोक्यात काय शिजतंय हे सगळं बघावं लागतं. शिवाय खेळाडूचं ज्ञान अंगात असतं. ते शब्दांत आणि ड्रिलमध्ये उतरवायला वेगळा सराव लागतो. क्रिकेटमधलं उदाहरण आपल्या घरचंच आहे. रमाकांत आचरेकर सर एकच प्रथम श्रेणी सामना खेळले होते. त्यांनी घडवलेले खेळाडू किती सामने खेळले ते सगळ्यांना माहीत आहे.

हॉकीतही तेच दिसतं. वेन ग्रेट्स्कीहून मोठा खेळाडू कोण दाखवणार? २००५ ते २००९ असे चार हंगाम ते फिनिक्स कोयोटीजचे मुख्य कोच होते आणि संघ एकदाही प्लेऑफमध्ये गेला नाही. सगळा दोष त्यांचा नव्हता, संघ कमकुवत होता. पण खेळातली प्रतिभा आपोआप बेंचवर उतरत नाही, एवढं त्यातून दिसतं. उलट बाजूला जॉन कूपर: व्यावसायिक हॉकी कधी खेळले नाहीत, पेशानं वकील. एका शाळेच्या संघापासून सुरुवात करून ज्युनियर (तरुण खेळाडूंच्या लीग), मग एएचएल, मग टँपा बे लायटनिंग, आणि २०२० व २०२१ असे लागोपाठ दोन स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलची विजेतेपदं.

सेंट लुईस यांचं उदाहरण मुलाला भुरळ घालतंय, म्हणून ते नीट उलगडून बघू. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना नेमलं तेव्हा मॉन्ट्रियल तळाला होतं. क्लबनं संघ नव्यानं बांधायचं ठरवलं होतं, त्यामुळे पहिल्या महिन्यात जिंकण्याचा दबाव नव्हता. सुरुवातीची नेमणूक हंगामी होती, उन्हाळ्यात ती कायम झाली. आणि ते अगदी कोरे नव्हते: मुलांच्या वयोगटातल्या संघांना ते वर्षानुवर्षं शिकवत होते. शेवटची गोष्ट, एक हजाराहून अधिक एनएचएल सामने, हंगामातल्या सर्वांत मौल्यवान खेळाडूची २००४ ची हार्ट ट्रॉफी आणि हॉल ऑफ फेम एवढी पुण्याई असलेल्या माणसाचं ड्रेसिंग रूममध्ये पहिल्या दिवसापासून ऐकलं जातं. तरीही तो संघ प्लेऑफला पोचला २०२५ मध्ये. तुमच्या मुलाकडे ती पुण्याई नाही, आणि यात कमीपणा काहीच नाही. त्यानं आपल्यासारख्यांच्या वाटा पाहाव्यात.

त्या वाटा आहेत, आणि त्या चांगल्या आहेत. जॅरेड बेडनार एनएचएलमध्ये एकही सामना खेळले नाहीत. साउथ कॅरोलायना स्टिंगरेजकडून ईसीएचएल खेळले, २००२ मध्ये त्याच संघाचे सहायक कोच झाले, मग मुख्य कोच, २००९ मध्ये केली कप, म्हणजे ईसीएचएलचं विजेतेपद. पुढे एएचएलमध्ये बरीच वर्षं, तिथल्या विजेत्याचा २०१६ चा कॅल्डर कप, आणि त्याच उन्हाळ्यात एनएचएलमधल्या कोलोरॅडो ॲव्हलान्चचे मुख्य कोच. पहिल्या हंगामात संघाला ८२ सामन्यांत फक्त ४८ गुण मिळाले. क्लबनं त्यांना ठेवलं आणि २०२२ मध्ये स्टॅन्ली कप आला. स्पेन्सर कार्बरी यांचा प्रवासही त्याच स्टिंगरेजमधून: २०१० मध्ये खेळणं थांबवून सहायक, वर्षभरात मुख्य कोच, पाच हंगाम तिथेच. नंतर एक हंगाम ज्युनियरमध्ये सॅगिनॉ, एक एएचएलमध्ये सहायक म्हणून प्रॉव्हिडन्स, तीन हर्शी बेअर्सचे मुख्य कोच, दोन टोरंटो मेपल लीफ्समध्ये सहायक, आणि २०२३ मध्ये एनएचएलमधल्या वॉशिंग्टन कॅपिटल्सचे मुख्य कोच. ईसीएचएल, एएचएल आणि एनएचएल या तिन्ही लीगमध्ये वर्षातला सर्वोत्तम कोच ठरलेले ते पहिले. बेडनार यांना १४ वर्षं लागली, कार्बरी यांना १३. मुलानं हा हिशेब मनात धरून उतरावं.

सरळ संघातच राहून मोठं होणंही घडतं. रॉड ब्रिंडामोर २००६ चा स्टॅन्ली कप जिंकणाऱ्या कॅरोलायना संघाचे कर्णधार होते. २०१० मध्ये निवृत्त झाल्यावर लगेच त्यांना मुख्य खुर्ची मिळाली नाही. सात हंगाम सहायक म्हणून काढल्यावर २०१८ मध्ये ती मिळाली. कर्णधारालाही आठ वर्षं लागली, हे मुलाला जरूर सांगा.

आता त्या अंगातल्या ज्ञानाबद्दल, कारण नव्या कोचची पहिली अडचण तिथेच येते. तुमचा मुलगा डिफेन्समन आहे, म्हणून त्याच्याच कामाचं उदाहरण घेतो. समोरच्यानं पक (खेळाची रबरी चकती) आपल्या कोपऱ्यात मारला आहे आणि डिफेन्समन वळून त्यामागे धावतोय. चांगला खेळाडू इथे काय करतो हे त्याला विचारलं तर तो म्हणेल, 'कळतं.' हे शिकवणं नव्हे. शिकवायचं असेल तर असं मांडावं लागतं: पकला स्टिक लागण्याआधी खांद्यावरून दोनदा मागे बघायचं, एकदा वळल्यावर लगेच आणि दुसऱ्यांदा पक दोन-तीन स्ट्राइडवर असताना. पहिल्या नजरेत पाठलाग करणारे किती आणि कुठल्या बाजूनं येतायत ते. दुसऱ्या नजरेत तो किती जवळ आलाय आणि आपला जोडीदार कुठे आहे ते. मग पाचांतला एक पर्याय. पाठलाग करणारा मागे पडलाय आणि गोलाच्या जाळ्याची आड घेता येईल, तर पक घेऊन जाळ्यामागून निघायचं, म्हणजे व्हील. तो अगदी शेपटीला लागलाय, तर आलो त्याच दिशेला पक मागे सोडायचा, जोडीदार उचलतो, म्हणजे रिव्हर्स. जोडीदार पलीकडे मोकळा असेल तर जाळ्यामागून त्याच्याकडे, ओव्हर. जवळच्या बोर्डवर, म्हणजे बर्फाभोवतीच्या भिंतीपाशी, आपला विंगर (कडेचा आक्रमक) तयार असेल तर पुढे त्याच्याकडे, अप. काहीच नसेल तर बोर्डला घासून जोरात रिम.

आणि चूक कुठे होते तेही सांगता आलं पाहिजे. रिव्हर्स फसतो तो बहुतेक वेळा पाठलाग करणारा लांब असताना केल्यामुळे. त्याला थांबायला वेळ मिळतो, सोडलेला पक सरळ त्याच्याच स्टिकवर जातो, आणि गोलरक्षक एकटा सापडतो. दुसरं कारण, गोलरक्षक आणि जोडीदार ओरडून सांगत नाहीत. म्हणून हे ड्रिल घेताना मी ओरडणं सक्तीचं ठेवतो: 'रिव्हर्स' ही हाक आली नाही तर पास चांगला गेला तरी खेप पुन्हा. मुलानं आपल्या खेळातल्या अशा दहा गोष्टी निवडून प्रत्येकीच्या खुणा, पर्याय आणि नेहमीची चूक कागदावर लिहावी. कोच म्हणून त्याच्या कामाची पहिली वही हीच.

दुसरी अडचण सरावाची आखणी. खेळाडूला सराव आयता मिळतो, त्यामुळे त्यामागचं गणित त्याला दिसत नाही. दहा-दहाच्या दोन रांगा, एक खेप १५ सेकंदांची, असं ड्रिल घ्या. दोन्ही रांगा एकदम सुटल्या तरी प्रत्येकाचा नंबर अडीच मिनिटांनी येतो. दहा मिनिटांत एक खेळाडू चारदा हलतो, एकूण एक मिनिट. उरलेली नऊ मिनिटं तो थंड होत उभा. त्याऐवजी दोन्ही टोकांना छोट्या जागेत दोनास दोन खेळवा, प्रत्येक टोकाला दहाजण आणि एक गोलरक्षक. मग त्याच दहा मिनिटांत प्रत्येकाच्या वाट्याला चार मिनिटं खेळ येतो, आणि तो खराखुरा खेळ असतो: दाटी, अंगाला अंग, झटपट निर्णय. अर्थात प्रत्येक वेळी विश्रांती कापायची नाही. निव्वळ वेगाच्या ड्रिलला २० सेकंदांच्या पूर्ण जोरानंतर किमान एक मिनिट लागतंच, नाहीतर तुम्ही थकलेले पाय हळू पळायला शिकवता. विश्रांती आपण ठरवून द्यायची, रांग लांबल्यामुळे ती मिळता कामा नये.

फळ्यावरचं बोलणं ड्रेसिंग रूममध्ये संपवावं. बर्फावर एका ड्रिलला अर्धा मिनिट स्पष्टीकरण पुरे. त्याहून जास्त लागत असेल तर ड्रिल अवघड आहे किंवा आपल्यालाच ते नीट कळलेलं नाही. ५० मिनिटांच्या बर्फात चार, फार तर पाच ड्रिल. सामन्याच्या आदल्या दिवशी अर्धा-पाऊण तासातच आवरायचं, अंगाला अंग भिडवणं टाळून. गोलरक्षकांची आठवण ठेवावी: पहिले शॉट लांबून, खाली आणि अंतर ठेवून. नवे कोच सरावाच्या सुरुवातीलाच जवळून सपासप शॉट मारायला लावतात. त्यात गोलरक्षकाला उभं राहायला वेळ मिळत नाही आणि तो अर्धवट हालचालीची सवय लावून घेतो.

व्हिडिओ हे सहायक कोचच्या कामाचं मोठं ओझं. खालच्या लीगमध्ये वेगळा व्हिडिओ कोच असेलच असं नाही, तेव्हा ते काम नव्या सहायकाकडे येतं, आणि याचा मला आनंदच वाटतो, कारण खेळ शिकण्याचा याहून चांगला मार्ग नाही. सुरुवातीला एक सामना नीट टिपायला दोन-तीन तास जातील. सगळं टिपू नये. आपल्या झोनमधून, म्हणजे आपल्या गोलाकडच्या भागातून, बाहेर पडणं यशस्वी की अयशस्वी, समोरच्याच्या झोनमध्ये शिरताना पक नेला की मारला, आणि दोन्ही बाजूंच्या गोलाच्या खऱ्या संधी, एवढं पुरतं. संघाला दाखवायच्या फिती आठ ते बारा, एकूण दहा मिनिटांच्या आत. एकेकट्या खेळाडूला तीन ते पाच, आणि त्यातली निदान एक त्यानं बरोबर केलेल्या गोष्टीची, तीच चूक दुसऱ्या वेळी त्यानं कशी टाळली हे दाखवणारी. पराभवाच्या रात्री चुकांची वीस मिनिटांची माळ लावली तर पहिल्या पाच फितींनंतर कुणी बघत नाही.

बेंचवरचं काम बाहेरून दिसत नाही, म्हणून थोडं सविस्तर. डिफेन्सचं दार, म्हणजे बेंचवरून डिफेन्समन बदलण्याचं काम, सहसा एका सहायकाकडे असतं, आणि तुमच्या मुलाला बहुधा तेच मिळेल. सहा डिफेन्समन, तीन जोड्या. पुढची जोडी कोण हे बर्फावरच्या जोडीची शिफ्ट अर्धी झाली की मोठ्यानं सांगायचं. एकजण पेनल्टीत (नियम मोडल्यानं काही मिनिटं बाहेर) किंवा दुखापतीत गेला की जोड्या मोडतात, तेव्हा पाचांची फिरती साखळी डोक्यात तयार हवी. दुसऱ्या पीरियडमध्ये बाजू बदलल्यामुळे आपला बेंच आपल्या गोलापासून लांब जातो. थकलेली जोडी आपल्या झोनमध्ये अडकली तर ती बदलता येत नाही, आणि त्या पीरियडमध्ये गोल खाण्याचं हे नेहमीचं कारण. म्हणून तेव्हा शिफ्ट आखूड, आणि बदल फक्त पक समोरच्या झोनमध्ये खोल गेल्यावर. आइसिंग झालं, म्हणजे आपल्या अर्ध्यातून पक थेट पलीकडच्या टोकापार फेकला गेला, की चूक करणाऱ्या संघाला माणसं बदलता येत नाहीत, आणि समोरचा कोच लगेच आपली सर्वांत चांगली लाइन, म्हणजे तीन आक्रमकांची तुकडी, उतरवतो. दमलेल्या खेळाडूनं घाईनं पक लांब फेकला तर त्याचा हिशेब पुढच्या फेसऑफला (पक टाकून खेळ पुन्हा सुरू होतो तेव्हा) चुकवावा लागतो, हे त्याला आधीच कळलेलं असलं पाहिजे. शेवटचा बदल यजमान संघाच्या हातात असतो. आपण पाहुणे असताना आवडीची जोडी नको त्या लाइनसमोर सापडली तर किती सेकंदांत काढायची, हे मुख्य कोचशी सामन्याआधीच ठरवून घ्यायचं. आणि बर्फावर माणसं जास्त झाल्याची दोन मिनिटांची पेनल्टी: ती बहुतेकदा बेंचवर दोघांनी दोन वेगळी नावं पुकारल्यामुळे लागते.

आता त्या प्रस्तावाकडे येऊ. खेळाडू-सहायक ही जागा कागदावर सोयीची वाटते, पण तिच्यात एक पेच आहे. काल ज्याच्याबरोबर फ्लॅटमध्ये राहत होतो, आज त्यालाच संघातून वगळण्याच्या चर्चेत बसायचं. त्यामुळे माझा सल्ला स्पष्ट आहे: खेळत असेपर्यंत कोण खेळणार, कोण बसणार या निर्णयात त्यानं भाग घेऊ नये, आणि हे मुख्य कोचनं सगळ्या संघासमोर सांगावं. पेनल्टी किलची (पेनल्टीमुळे आपला माणूस कमी असतानाच्या बचावाची) व्हिडिओ, नव्या डिफेन्समनसोबत सरावानंतरची १५ मिनिटं, समोरच्या संघाच्या पॉवर प्लेचा (एक माणूस जास्त असतानाच्या आक्रमणाचा) अभ्यास, अशी ठोस कामं त्यानं मागून घ्यावीत. पूर्ण वेळ कोच झाला की मात्र खेळाडूंच्या ग्रुपमधून बाहेर पडावं आणि बसमध्ये पुढे कोचच्या रांगेत बसावं. कठोर वाटेल, पण त्याच्या गैरहजेरीत खेळाडूंना मोकळं बोलता आलं पाहिजे.

हा प्रस्ताव घ्यावा की नाही हे तीन गोष्टींवर ठरेल. पहिली आणि सर्वांत मोठी, त्याचं डोकं. दोन कन्कशननंतर आणखी एक हंगाम अंगावर मार घ्यायचा की नाही हे संघानं किंवा आपण ठरवायचं नाही, ते या विषयातल्या डॉक्टरांनी ठरवायचं. त्यांनी नको म्हटलं तर खेळाडू-सहायक हा पर्याय संपला, आणि त्यानं पूर्ण वेळ सहायकाची जागा मागावी. सरावात कोच म्हणून उतरतानाही हेल्मेट घालावं. व्यावसायिक संघांतले कितीतरी कोच टोपीवर उतरतात, पण भरकटलेला पक आणि मागून आदळणारा खेळाडू यांना टोपी दिसत नाही.

दुसरी गोष्ट मुख्य कोच कोण आहे. ईसीएचएलमध्ये मुख्य कोच बऱ्याचदा खेळाडूंची भरतीही स्वतःच करतो, आणि हाताखाली एखादाच सहायक असतो. तो माणूस शिकवणारा असेल तर दोन वर्षांत करार, भरती, प्रवास, सराव, सगळं हाताखालून जातं. एनएचएलच्या मोठ्या चमूत एका कोपऱ्यात बसून हे मिळणार नाही. तो सगळं स्वतःच्या मुठीत ठेवणारा असेल तर मुलगा पक गोळा करत राहील. संघातल्या जुन्या सहायकांना फोन करून विचारावं, ते आता कुठे आहेत हे बघावं. तेवढ्यावरून कळतं.

तिसरी गोष्ट कागदपत्रं आणि पैसा. तो कॅनडाचा नागरिक असून अमेरिकेत खेळत असेल तर खेळाडूचा व्हिसा कोचच्या कामाला लागू होईलच असं धरू नये. सही करण्याआधी वकिलाला दाखवावं. उन्हाळ्याच्या महिन्यांचा पगार आहे की नाही, राहण्याची सोय चालू राहणार का, आरोग्य विमा किती महिने, हे करारात लिहून घ्यावं. बरेच सहायक उन्हाळ्यात हॉकी शिबिरांवर घर चालवतात, आणि मुलांना शिकवण्यानं समजावून सांगण्याची सवयही लागते. तिथे हॉकी कॅनडाचं किंवा यूएसए हॉकीचं कोचिंग प्रमाणपत्र आणि पोलीस तपासणी लागते. व्यावसायिक लीगमध्ये नोकरी प्रमाणपत्रावर मिळत नाही, पण पुढे ज्युनियरमध्ये संधी आली तर ते हाताशी असलेलं बरं. म्हणून याच उन्हाळ्यात करून टाकावं.

बेंचवर उभं राहणं त्याला मानवलं नाही तर कौशल्य-कोचिंगची वाटही आहे, आणि ती कमी प्रतीची नाही. जेसिका कॅम्पबेल यांनी कॅनडाच्या राष्ट्रीय संघातून खेळल्यावर व्यावसायिक खेळाडूंना स्केटिंग शिकवायला घेतलं, जर्मनीत न्यूरेंबर्गच्या संघाबरोबर काम केलं, २०२२ मध्ये एएचएलमध्ये सहायक झाल्या आणि २०२४ मध्ये सिएटल क्राकेनच्या बेंचवर, एनएचएलमधल्या पहिल्या पूर्ण वेळ महिला सहायक कोच म्हणून. एक गोष्ट इतरांपेक्षा चांगली शिकवता येणं हेच त्यांचं प्रवेशपत्र होतं.

मुलानं संघाला होकार कळवण्याआधी एक काम करून बघावं. मागच्या हंगामातला, ज्यात तो खेळला नाही असा आपल्याच संघाचा एक सामना घ्यावा. डिफेन्सच्या तिन्ही जोड्यांचं झोनमधून बाहेर पडणं टिपावं, दहा फिती काढाव्यात, त्यावरून ४० मिनिटांचा सराव आखावा आणि तो मुख्य कोचसमोर ठेवून म्हणावं, यातलं काय चुकलंय ते सांगा. त्या बैठकीला कोच किती वेळ देतो आणि ते काम करताना मुलाचे दोन-तीन तास कसे गेले, याची उत्तरं घेऊन मग करार समोर ओढावा.